लेथवरचा तुकडा आणि अवकाशातला कारखाना

धारवाडचे मेथीचे आणि मुगाचे दाणे २०२५ च्या जून महिन्यात अंतराळात जाऊन पोहोचले, ही बातमी आपल्यापैकी बहुतेकांनी वाचली असेल. ग्रुप कॅप्टन शुभांशु शुक्ला २५ जूनला ॲक्सिऑम-४ मोहिमेतून निघाले, आंतरराष्ट्रीय अवकाश स्थानकावर राहिले आणि १५ जुलैला परतले. त्यांच्याबरोबर जे भारतीय प्रयोग गेले, त्यातला एक धारवाडचे कृषी विज्ञान विद्यापीठ आणि आयआयटी धारवाड यांनी मिळून आखला होता. दाण्यांना पाणी द्यायचे, मोड आणायचे आणि मग ते गोठवून परत आणायचे. आपल्या घरात आजी ओल्या फडक्यात बांधून जे करते, तेच! आजोळी मेंत्ये आणि हेसरु म्हणायचे, घरी मेथी आणि मूग. दाणे तेच, आणि आता ते आकाश बघून आलेले.

घराघरात कौतुक झाले, ते व्हायलाच हवे होते. पण या भागात शेताइतकीच पोटाची भिस्त लेथवर आणि भट्टीवर आहे. बेळगावचे उद्यमबाग, कोल्हापूरचे शिवाजी उद्यमनगर, शिरोली, गोकुळ शिरगाव इथल्या गल्ल्यांत पंपाचे, डिझेल इंजिनाचे, ट्रॅक्टरचे आणि मोटारींचे भाग होतात, आणि त्यातले बरेच कारखाने कुटुंबाचे आहेत. वडिलांनी लेथ घातली, काकांनी ओतकाम सांभाळले, मुलगा इंजिनिअर होऊन बंगळूरला किंवा पुण्याला गेला. आता विजेच्या गाड्या वाढत चालल्या. त्यांना इंजिनचा ब्लॉक लागत नाही, सिलिंडर हेड लागत नाही, एक्झॉस्टचे मॅनिफोल्ड लागत नाही. तेव्हा रात्रीच्या जेवणाला बसल्यावर जो विषय निघतो तो असा, की मुलाला परत बोलवावे की शेड भाड्याने देऊन मोकळे व्हावे? याच वेळी वर्तमानपत्रे सांगतात की अवकाश उद्योग खासगी कारखान्यांना खुला झाला. मग आपल्याला त्यात काही आहे का?

आहे, असे माझे मत आहे. पण जाहिरातीत सांगतात त्या वाटेने नाही.

वरचा कारखाना म्हणजे नेमके काय

अवकाशातील उत्पादन म्हटले की दोन वेगळ्या गोष्टी एकत्र होतात. एक म्हणजे अवकाशासाठी जमिनीवर केलेले काम: रॉकेट, उपग्रह, त्यांच्या झडपा, टाक्या, कंस. दुसरे म्हणजे खरोखर वर जाऊन तिथे वस्तू तयार करणे. दुसऱ्याचा गाजावाजा मोठा आहे, म्हणून ते आधी समजून घेऊ.

आमटी पातेल्यात स्थिर झाली की तेलाचा तवंग वर येतो आणि डाळ तळाशी बसते. हलके वर, जड खाली. पृथ्वीभोवती फिरणाऱ्या यानात वजनच जाणवत नाही, त्यामुळे तवंग वर येत नाही आणि डाळही बसत नाही. गरम द्रव वर आणि गार द्रव खाली असे जे अभिसरण पातेल्यात चालते, तेही थांबते. अशा निवांत द्रवात स्फटिक सावकाश आणि सारखे वाढू शकतात. म्हणून औषध कंपन्यांचे तिकडे लक्ष आहे. अमेरिकेच्या वार्डा या कंपनीने एचआयव्हीवरच्या रिटोनाविर या औषधाचे स्फटिक कक्षेत तयार केले आणि २१ फेब्रुवारी २०२४ रोजी त्यांची कुपी युटाच्या वाळवंटात सुखरूप उतरवली. अवकाश स्थानकावर तर २०१४ सालीच त्रिमितीय छपाईचे यंत्र चालले होते.

आपणही यात अगदी नवखे नाही. १० जानेवारी २००७ रोजी पीएसएलव्हीने एक साडेपाचशे किलोची कुपी वर नेली. तीत बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेच्या सहभागाने केलेली एक छोटी भट्टी होती, वजनरहित अवस्थेत धातू वितळवून पाहण्यासाठी. बारा दिवसांनी, २२ जानेवारीला, ती कुपी बंगालच्या उपसागरात उतरली आणि हाती लागली. आपल्याकडच्या ओतकाम करणाऱ्यांना यातली गंमत लगेच कळेल. इथे रस ओतला की मळी वर तरंगते आणि वायूचे बुडबुडेही वर येऊन निघून जातात. वर अवकाशात बुडबुडा जाणार कुठे? तो आतच राहतो. तेव्हा 'अवकाशात ओतकाम सोपे' असे कोणी सांगितले तर हसून सोडून द्यावे.

भारतीय कॉलेज किंवा लहान कंपनी यांना हे अनुभवायचे असेल तर एक आटोपशीर सोय झाली आहे. पीएसएलव्हीचा चौथा टप्पा आपले काम संपल्यावर पूर्वी नुसता फिरत राहायचा. आता त्यालाच छोटी प्रयोगशाळा करतात, तिचे नाव पोएम. ३० डिसेंबर २०२४ ला गेलेल्या चौथ्या पोएमवर २४ उपकरणे होती, त्यातली दहा इस्रोच्या बाहेरची. त्याच खेपेला चवळीचे, म्हणजे आपल्या अलसंदेचे, दाणे चार दिवसांत अंकुरले. बाहेरच्यांची उपकरणे कोणी ना कोणी जमिनीवर बनवलीच होती. त्यांच्या पेट्या, कंस, ट्रे कोणत्या तरी यंत्रावर कापले गेले, कोणी तरी ते मोजले. आपली वाट तिथून जाते. कक्षेतल्या कारखान्याची स्वप्ने ज्यांच्याकडे भांडवल आहे त्यांना बघू द्यावीत.

साखरेपासून रॉकेटपर्यंत

नवे काम म्हणजे सगळे नव्याने उभारावे लागते अशी आपली समजूत असते. इतिहास वेगळे सांगतो, आणि तो इतिहास आपल्याच रस्त्यावरचा आहे.

लक्ष्मणराव किर्लोस्कर १८६९ साली बेळगाव जिल्ह्यातल्या गुर्लहोसूरला जन्मले. बेळगावात १८८८ साली त्यांनी सायकलींचे दुकान काढले, मग कडबा कापण्याची यंत्रे आणि लोखंडी नांगर. लोखंड लागले की जमीन विषारी होते, अशी तेव्हा शेतकऱ्यांची समजूत होती, त्यामुळे पहिले काही नांगर खपायला दोन वर्षे लागली. पुढे १९१० मध्ये औंध संस्थानात कुंडलजवळ किर्लोस्करवाडी उभी राहिली. ती दोन वर्षांची वाट लक्षात ठेवा, पुढे उपयोगी पडेल.

दुसरे नाव वालचंद हिराचंद यांचे. मूळ सोलापूरचे. म्हैसूर सरकारला बरोबर घेऊन त्यांनी २३ डिसेंबर १९४० रोजी बंगळूरला हिंदुस्थान एअरक्राफ्ट कंपनी स्थापन केली. युद्धकाळात, १९४२ मध्ये, सरकारने त्यांचा हिस्सा विकत घेतला आणि पुढे १९६४ मध्ये तिचीच हिंदुस्थान एरोनॉटिक्स झाली. मराठी उद्योजक, कानडी भूमी आणि म्हैसूरचे दिवाण मिर्झा इस्माईल यांचा पाठिंबा! त्याच कारखान्यात एचटी-२ हे भारतीय बनावटीचे शिकाऊ विमान आखणारे डॉ. विष्णू माधव घाटगे गडहिंग्लज तालुक्यातल्या हसूरचंपूचे. जर्मनीत गटिंगनला प्रांटलसारख्या गुरूकडे शिकून आले आणि त्यांचे विमान ५ ऑगस्ट १९५१ रोजी उडाले. गडहिंग्लज भागात आजही कितीजणांना हे नाव ठाऊक आहे, हा प्रश्न मी शाळांना विचारू इच्छितो.

वालचंदांचे दुसरे घर म्हणजे इंदापूर तालुक्यातले वालचंदनगर. उसाच्या मळ्यांत साखर कारखाना, त्या कारखान्यासाठी यंत्रे, मग दुसऱ्यांच्या कारखान्यांसाठी यंत्रे. जाड पत्रा वाकवायचा, जोडायचा, दाबाला टिकेल अशी टाकी करायची, हे त्यांचे रोजचे काम. आणि रॉकेटच्या घन इंधनाच्या मोटारीचे कवच म्हणजे तरी काय, दाब सोसणारी लांबट टाकीच! १९७३ पासून वालचंदनगर इस्रोसाठी काम करते आहे. १४ जुलै २०२३ रोजी चांद्रयान-३ घेऊन जे एलव्हीएम-३ उडाले, त्याच्या दोन्ही बाजूंना एस-२०० नावाचे दोन जाडजूड बूस्टर होते. त्यांच्या कवचाचे विभाग करणाऱ्यांत वालचंदनगर होते आणि पवईची लार्सन अँड टुब्रोही. विक्रोळीच्या गोदरेजने, जिची सुरुवात १८९७ मध्ये कुलुपांपासून झाली, इस्रोची विकास इंजिने बनवली आहेत. साखर आणि कुलूप, दोन्ही घरे चंद्रापर्यंत गेली ती जुने कसब न सोडता.

एस-२०० ची मापे ऐकण्यासारखी आहेत. व्यास ३.२ मीटर, उंची सुमारे २५ मीटर, एकेकात २०५ टन इंधन, आणि ते सगळे दोन मिनिटांच्या आसपास जळून जाते. कवच मॅरेजिंग स्टीलचे. नावात लग्न ऐकू येत असले तरी या पोलादाचा लग्नाशी काही संबंध नाही. मार्टेन्साइट आणि एजिंग या दोन शब्दांची ती सोयरीक आहे. निकेल भरपूर आणि कार्बन अगदी नगण्य. ते मऊ असताना घडवून, कातून घ्यायचे आणि मग साधारण ४८० अंशांना काही तास भट्टीत ठेवायचे, म्हणजे ताकद येते आणि माप फारसे बिघडत नाही. या कवचाचे तीन विभाग असतात आणि ते एकमेकांत बसवताना सांध्यात रबरी ओ-रिंगा असतात.

'सरी ऐती' म्हणून चालत नाही

२८ जानेवारी १९८६ रोजी अमेरिकेचे चॅलेंजर यान उड्डाणानंतर ७३ सेकंदांत फुटले आणि सात अंतराळवीर गेले. कारण बूस्टरच्या असल्याच एका सांध्यातली ओ-रिंग. त्या पहाटे कडाक्याची थंडी होती, रबर ताठरले आणि गरम वायूला वाट मिळाली. आपल्याकडचे उदाहरण ताजे आहे. २९ जानेवारी २०२५ ला एनव्हीएस-०२ हा दिशादर्शन उपग्रह रॉकेटने बिनचूक वर सोडला. पण त्याची कक्षा उंचावण्यासाठी ऑक्सिडायझर आत घेणाऱ्या झडपा उघडल्या नाहीत, असे इस्रोनेच जाहीर केले. १८ मे २०२५ ला पीएसएलव्ही-सी६१ च्या तिसऱ्या टप्प्यात दाब कमी पडला आणि ईओएस-०९ हा उपग्रह गमावला. जिथे मेकॅनिक पाठवून दुरुस्ती होत नाही, तिथे ही किंमत मोजावी लागते.

म्हणून या धंद्यात शिरायचे तर पहिली तयारी यंत्राची नसून नोंदीची आहे. हे वाक्य ऐकायला रूक्ष आहे, पण माझ्या समजुतीप्रमाणे सगळी मेख इथेच आहे. आपला टर्नर कसबात कोणाला हार जाणार नाही. तुकडा हातात घेऊन, नखाने चाचपून, 'ठीक आहे' किंवा 'सरी ऐती' म्हणतो आणि तो खरोखरच ठीक असतो. पण अवकाशाचे गिऱ्हाईक विचारते: हा गज कोणत्या कारखान्याच्या कोणत्या हीटमधला? कापताना उरलेल्या तुकड्यावर तो क्रमांक पुन्हा ठोकला का? कोणत्या पाळीत, कोणाच्या हातून, कोणत्या मायक्रोमीटरने मोजला? तो मायक्रोमीटर शेवटचा कधी तपासून आणला? आणि हे सगळे दहा वर्षांनी विचारले तरी कपाटातून निघाले पाहिजे. झडप उघडली नाही तर शोध तिथपर्यंत मागे येतो. या शिस्तीला विमान-अवकाश क्षेत्रात एएस ९१०० हे प्रमाणपत्र आहे. आयएसओ ९००१ च्या पायावरच ते उभे आहे. ज्यांच्याकडे आयएसओ भिंतीवर लावण्यापुरते आहे, त्यांना हे जड जाईल, आणि ज्यांनी ते मनापासून पाळले त्यांचा अर्धा रस्ता झाला आहे.

मापाची गोष्ट घ्या. जगभर मोजमापाचे प्रमाण तापमान २० अंश सेल्सियस धरतात. आपल्या शेडमध्ये एप्रिलच्या दुपारी ३५ अंश. ॲल्युमिनियम दर अंशाला मीटरमागे सुमारे २३ मायक्रॉन वाढते. म्हणजे शंभर मिलिमीटरचा तुकडा पंधरा अंशांच्या फरकाने साडेतीन शतांश मिलिमीटर मोठा दिसणार, केसाच्या निम्म्या जाडीइतका. पंपाला त्याने काही होत नाही. पण दोन शतांशाची मुभा दिलेल्या कामात हाच तुकडा दुपारी नापास आणि रात्री पास होईल! तेव्हा पाच अक्षांच्या सीएनसीसाठी कर्ज काढण्याआधी दहा बाय बाराची एक थंड, स्वच्छ खोली करा आणि तुकडा तिथे रात्रभर ठेवून सकाळी मोजा. खर्च किती तरी कमी आहे, आणि आजच्या गिऱ्हाइकालाही त्याचा लाभ होतो.

पोटाचा धंदा सोडू नये

आता कटू भाग. या कामाची संख्या फार थोडी आहे. साधा हिशेब करू. एका एलव्हीएम-३ ला दोन एस-२००, एकेकाला कवचाचे तीन विभाग, म्हणजे सहा. २०२३ मध्ये हे रॉकेट दोनदा उडाले, म्हणजे बारा विभाग. २०२४ मध्ये एकदाही उडाले नाही. २०२५ मध्ये पुन्हा दोनदा, तेही नोव्हेंबर आणि डिसेंबरात. त्या २०२४ साली भारताची सगळी मिळून कक्षेत जाणारी उड्डाणे पाच झाली. अमेरिकेतली एकटी स्पेसएक्स फाल्कन रॉकेटची १३० हून अधिक करून बसली. ज्या कारखान्याचे पोट पंपाच्या हजार-दोन हजार नगांवर चालते, त्याने सहा-बारा नगांच्या कामासाठी जुनी गिऱ्हाइके सोडली तर घर चालणार नाही. किर्लोस्करांचे नांगर दोन वर्षे खपले नाहीत, तेव्हा दुसरी कामे होती म्हणून ते टिकले.

तरी वारा फिरलेला आहे हे खरे. जून २०२० मध्ये केंद्राने खासगी उद्योगासाठी इन-स्पेस ही संस्था जाहीर केली, २०२३ मध्ये भारतीय अवकाश धोरण आले, फेब्रुवारी २०२४ मध्ये सुट्या भागांच्या उत्पादनात शंभर टक्के परकी गुंतवणुकीला थेट मुभा मिळाली. त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात नव्या अवकाश कंपन्यांसाठी हजार कोटींचा निधी मंजूर झाला. पाच पीएसएलव्ही बनवण्याचे कंत्राट २०२२ मध्ये हिंदुस्थान एरोनॉटिक्स आणि लार्सन अँड टुब्रो यांच्या जोडीला गेले. लहान एसएसएलव्ही रॉकेटचे तंत्रज्ञानही जून २०२५ मध्ये हिंदुस्थान एरोनॉटिक्सने ५११ कोटींची बोली लावून मिळवले. वालचंदांनी लावलेले रोप शेवटी रॉकेटपर्यंत आलेच म्हणायचे. रॉकेट जेव्हा सरकारी केंद्राऐवजी कारखान्यात जुळते, तेव्हा कारखाना सुटे भाग बाहेरून घेतो, आणि त्याला पुरवठादार लागतात दहा गावांचे.

पण कोणते भाग? आपल्या भट्ट्यांतली साधी बीड उडत नाही, हे आधीच मान्य केलेले बरे. उडणारे असते ते ॲल्युमिनियम, टायटॅनियम, निकेलची मिश्रणे आणि ते मॅरेजिंग स्टील. मात्र एका उडणाऱ्या वस्तूमागे न उडणाऱ्या कितीतरी वस्तू असतात. तुकडा पकडायचे फिक्स्चर, तपासायचे गेज, जोडणीचे स्टँड, उपग्रह हलवायची ट्रॉली, दाबचाचणीचा सांगाडा, हायड्रॉलिकचे नळ आणि जोड. इथे बीडही चालते, जाड पोलादही, आणि या कामात आपली माणसे मुरलेली आहेत. लहान कारखान्याने पहिले पाऊल इथे ठेवावे. जमिनीवरचे काम वेळेवर आणि कागदपत्रांसकट दिले की मग उडणाऱ्या तुकड्याबद्दल बोलणे निघते. बेळगावच्याच सर्व्होकंट्रोल्सचे नाव इस्रोच्या पुरवठादारांत घेतले जाते. तिचाही पाया हायड्रॉलिक आणि सर्व्हो यंत्रणांच्या कामाचा आहे.

एक धोका मात्र स्पष्ट बोललाच पाहिजे, कारण त्यात माणसांच्या नोकऱ्या आहेत. इस्रोने ९ मे २०२४ रोजी पीएसएलव्हीच्या चौथ्या टप्प्याचे एक इंजिन ६६५ सेकंद चालवून पाहिले. ते धातूच्या भुकटीपासून लेसरने थर थर रचून, म्हणजे त्रिमितीय छपाईने केलेले होते. पूर्वी चौदा तुकडे लागायचे तिथे एक, आणि एकोणीस वेल्डिंगचे सांधे गेले. पूर्वी ५६५ किलो घडीव धातू आणि पत्रा लागायचा, आता १३.७ किलो भुकटी. वेळ साठ टक्क्यांनी वाचला. हे काम बंगळूरच्या विप्रो थ्रीडीने केले. ज्याचा मुलगा वेल्डिंग शिकतो आहे त्याला हे आकडे वाचून धस्स होईल. पण छापलेला तुकडा छपाईनंतर लगेच वापरता येत नाही. त्याला उष्णता-प्रक्रिया द्यावी लागते, बसायच्या कडा पुन्हा मशीनवर कातून घ्याव्या लागतात, आत भेग राहिली का हे क्ष-किरणांनी पाहावे लागते. काम संपत नाही, ते शेवटच्या टप्प्याकडे आणि तपासणीकडे सरकते. पोराने वेल्डिंग शिकावेच, पण त्याबरोबर वेल्ड तपासायलाही शिकावे. डाय पेनेट्रंट, अल्ट्रासोनिक, रेडिओग्राफी यांचे दाखले घ्यावेत. बेळगावात शासकीय टूल रूम आहे, विश्वेश्वरय्या तांत्रिक विद्यापीठ आहे, सांगलीला वालचंद महाविद्यालय आहे. घरातल्या मुलींनाही इकडे पाठवा, असे मी आग्रहाने सांगेन. तपासणीच्या खोलीत ताकद लागत नाही, नजर आणि चिकाटी लागते, आणि शेड सांभाळायला मुलगाच हवा हा जुना हट्ट त्याने सुटला तर बरेच.

महामार्गावरचे हत्तरगी, नदीकाठचे राजेगाव

पुणे-बंगळूर महामार्गाने संकेश्वर सोडून बेळगावकडे निघाले की हत्तरगीला एक्वसचे औद्योगिक क्षेत्र लागते. अडीचशे एकरांचे. विमानांचे भाग तिथे होतात, आणि विशेष हे की घडाई, कातकाम, पृष्ठप्रक्रिया आणि जोडणी एकाच आवारात चालते. एरवी असा तुकडा एका देशात घडतो, दुसऱ्या देशात कातला जातो, तिसऱ्यात त्यावर लेप चढतो. हे अंतर त्यांनी एका कुंपणात आणले. लहान कारखान्यांनी याची नक्कल करायला कोट्यवधी लागत नाहीत. चार शेजाऱ्यांनी मिळून केले तरी होते: एकाची मशीन, एकाची उष्णता-भट्टी, एकाची तपासणीची खोली, आणि गिऱ्हाइकाला एकच बिल. बेळगावला आणि कोल्हापूरला फाउंड्री क्लस्टरच्या निमित्ताने सामायिक सोयींची सवय आपल्याला झालेलीच आहे. अडचण असते ती भाऊबंदकीची, तंत्राची नव्हे.

नुसती सीमा, नुसता रस्ता किंवा नुसता कच्चा माल असून भागत नाही, याचे उदाहरण बघायचे तर आपल्यासारख्याच दुसऱ्या एका सीमेवर जावे लागेल. मध्य प्रदेशातल्या बालाघाट जिल्ह्यात बाघ नदीच्या काठी राजेगाव आहे. पूल ओलांडला की महाराष्ट्राचा गोंदिया जिल्हा. तिथेही घरात एक भाषा आणि कचेरीत दुसरी, आपल्याकडे कानडी-मराठी तशी तिकडे हिंदी-मराठी. त्या जिल्ह्याच्या पोटात भरवेलीचे मँगनीज आहे आणि मलाजखंडचे तांबे. दोन्ही नामांकित खाणी. मँगनीजशिवाय पोलाद होत नाही आणि तांब्याचे मिश्रण रॉकेट इंजिनाच्या ज्वलनकक्षात लागते. पण खनिज ट्रकमध्ये आणि वॅगनमध्ये भरून बाहेर जाते, आणि धातूवर पुढचे बारीक काम होते ते दूरच्या शहरांत. राजेगावच्या तरुणाला आपल्याइतकी यंत्रशाळांची गल्ली घराजवळ नाही. आपल्याकडे खनिज नाही तरी कसब आहे, आणि बंगळूर व पुणे यांच्या मधोमध घर आहे. इस्रोचे मुख्यालय ज्या शहरात, तिथली भाषा आपल्या घरात बोलली जाते. पुण्या-मुंबईचे यंत्र कारखाने ज्या भाषेत व्यवहार करतात, तीही. ही सोय दुसऱ्या कोणाला इतकी सहज मिळालेली नाही, आणि आपण ती लग्नाच्या याद्या करण्यापलीकडे फारशी वापरत नाही.

ज्यांना खरोखर सुरुवात करायची आहे त्यांनी अहमदाबादच्या इन-स्पेसकडे चौकशी करावी; तिथे नव्या कंपन्यांसाठी चाचणीच्या सोयी असलेले तांत्रिक केंद्र आहे. इस्रोने विकसित केलेले तंत्रज्ञान उद्योगांना मिळण्याचीही व्यवस्था आहे. पण जाण्याआधी स्वतःच्या शेडमधल्या एकाच कामाची, मग तो पंपाचा शाफ्ट का असेना, सहा महिन्यांची संपूर्ण नोंद ठेवून पाहावी. गज आला त्या दिवसापासून तुकडा गेला त्या दिवसापर्यंत. किती बाद झाले, का झाले, कोणत्या पाळीत झाले. हे सहा महिने ज्या घराने निभावले, त्याला मोठ्या कंपनीचा तपासनीस आला तरी घाम फुटणार नाही.

आणि ती नोंद कोणत्या भाषेत? प्रमाणपत्र देणारे इंग्रजी तक्ते देऊन जातात. ते प्लास्टिकच्या कव्हरात यंत्राशेजारी लटकतात आणि त्यावर तेलाचे ठसे उमटतात. वाचत कोणी नाही. मूळ इंग्रजी तक्ता गिऱ्हाइकासाठी फाइलला राहू द्या, पण यंत्रापाशी त्याचीच मराठी आणि कानडी प्रत लावा, दोन रकान्यांत शेजारी शेजारी. शब्दकोशातले शब्द मात्र घालू नका. यंत्रावर उभा असलेला माणूस त्या गोष्टीला काय म्हणतो ते आधी विचारा आणि तेच लिहा.